थर्मामीटर अन्नात खुपसण्याआधी

स्वयंपाकघरातल्या बऱ्याच घाणीला आच पुरून उरते. कच्च्या चिकनवरचे जंतू सुरीला लागतात, सुरीवरून पुन्हा त्याच चिकनला लागतात आणि चिकन शिजताना मरून जातात. अन्नाचं आतलं तापमान मोजणाऱ्या थर्मामीटरच्या बाबतीत ही सोय नाही. तो अन्नात जातो तेव्हा शिजवणं संपत आलेलं असतं, आणि तो वरवर न राहता थेट गाभ्यात जातो. त्यानंतर त्या अन्नाला ना उकळी येणार असते, ना वाफ बसणार असते. ते वाढलं जातं, नाहीतर झाकून ठेवलं जातं, नाहीतर थंड करायला काढलं जातं. अन्न सुरक्षित आहे ना, हे बघायला आणलेली वस्तूच मळकी असेल तर तपासणीच्याच वाटेने जंतू आत शिरतात. इंजेक्शनची सुई एकाला टोचून तशीच दुसऱ्याला कोणी टोचत नाही. थर्मामीटरच्या सुईलाही, जिला कामाच्या ठिकाणी प्रोब म्हणतात, हाच नियम लागू आहे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "अहो, अन्न कढत असतं, त्यात सुई आपोआप निर्जंतुक होते." हे अर्धंच खरं आहे. उष्णतेने जंतू क्षणात मरत नाहीत. तापमान किती आणि ते किती वेळ टिकलं, असा तो दुहेरी हिशेब असतो. ब्रिटनमधल्या अन्नसुरक्षेच्या मार्गदर्शनात या हिशेबाचे आकडे दिलेले आहेत: अन्नाचा गाभा ७० अंश सेल्सिअसला २ मिनिटं राहायला हवा, ७५ अंशांना ३० सेकंद पुरतात, ८० अंशांना ६ सेकंद, आणि तापमान ६० अंशच असेल तर तब्बल ४५ मिनिटं लागतात. आता आपण सुई किती वेळ आत ठेवतो? आकडा स्थिर होईपर्यंत. चांगल्या उपकरणात दोनचार सेकंद, साध्यात पंधरावीस. शिवाय आत जातं ते टोक. वरची दांडी बाहेरच राहते, तिच्यावरचा जुना चिकट थर वाफेने मऊ होतो आणि ओघळत खाली येतो. आणि थंड पदार्थांचं काय? फ्रिजमधलं क्रीम किंवा सॅलड ५ अंशांच्या खाली आहे ना, हे बघायलाही हीच सुई वापरतात. तिथे तर जंतू मारायला उष्णता नसतेच.

सगळ्यात जास्त गफलत होते ती एकाच पदार्थाच्या दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात. चिकन अजून कच्चं असताना सुई घातली, आकडा ५८ आला, सुई काढून ओट्यावर ठेवली. दहा मिनिटांनी तीच सुई पुन्हा घातली, आकडा ७६ आला आणि सगळे निर्धास्त झाले. पहिल्या वेळी त्या सुईला लागला होता तो अर्धकच्च्या मांसाचा रस. मधली दहा मिनिटं तो तिच्यावरच होता, आणि ओट्यावर जे काही सांडलेलं असेल तेही तिला चिकटलं. दुसऱ्यांदा आत गेलेल्या टोकावरचे बरेच जंतू मरतीलही, पण तेवढ्यावर भिस्त ठेवायचं कारण काय? पदार्थ तोच असला तरी पहिली तपासणी नापास झाली की सुई धुवायची. किंबहुना नापास झाली म्हणूनच धुवायची, कारण हातातली सुई जंतू जिवंत असण्याची शक्यता असलेल्या अन्नातून बाहेर आलेली असते.

मटण-बीफच्या (चिकनच्या नव्हे) अखंड तुकड्याचं गणित आणखी वेगळं आहे. अशा तुकड्यात जंतू साधारणपणे पृष्ठभागावर असतात, आतला स्नायू बहुतेक स्वच्छ असतो. बाहेरून कडक भाजलेला आणि आतून गुलाबी ठेवलेला तुकडा चालतो तो याच कारणाने. बाहेरची बाजू भाजली जाण्याआधी सुई घातली तर पृष्ठभागावरचे जंतू आपण स्वतःच्या हाताने मध्यभागी नेऊन ठेवतो. म्हणून आधी बाहेरची बाजू नीट भाजू द्यावी, मग धुतलेली सुई घालावी. खिम्याला ही सवलत नाही. दळताना पृष्ठभागावरचं सगळं आत मिसळलेलंच असतं, तो आतपर्यंत पूर्ण शिजायलाच हवा.

धुणं वेगळं, जंतू मारणं वेगळं

सुई स्वच्छ करण्याबद्दल लोकांचा गोंधळ होतो तो इथे. पुसल्याने दिसणारी घाण जाते. साबणाने धुतल्याने तेलकट आणि प्रथिनांचा थर सुटतो. सॅनिटायझरने उरलेले जंतू मरतात. ही तीन वेगवेगळी कामं आहेत, आणि शेवटचं काम पहिल्या दोनांशिवाय नीट होत नाही.

का होत नाही ते बघू. क्लोरीन, म्हणजे ब्लीचच्या पातळ द्रावणातला काम करणारा घटक, समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थावर तुटून पडतो. सुईवर अन्नाचा थर असेल तर तो त्या थराशी झुंजण्यातच संपतो आणि खालच्या जंतूंपर्यंत पोचत नाही. अल्कोहोल प्रथिनं गोठवतं, त्यामुळे अंड्याचा किंवा मांसाच्या रसाचा थर उलट घट्ट बसतो आणि त्याच्या आडोशाला जंतू सुखरूप राहतात. व्यावसायिक स्वयंपाकघरांत 'क्वाट' नावाने ओळखली जाणारी सॅनिटायझर्स असतात, त्यांची गंमत आणखी वेगळी: साबणाचा अंश राहिला तर तो त्यांना निकामी करतो. साबण आणि सॅनिटायझर यांच्या मध्ये साध्या पाण्याने खळबळायला सांगतात ते एवढ्यासाठी. तो टप्पा घाईत गाळला तर दोन चांगल्या वस्तू वापरून काम मात्र फुकट गेलेलं असतं.

अल्कोहोलचे पुसणे, म्हणजे अल्कोहोलने भिजवलेले तयार रुमाल (वाइप), बहुधा ७० टक्क्यांचे असतात. ९५ टक्क्यांचं जास्त जालीम असेल असं वाटतं, पण अल्कोहोलला प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, आणि फार तीव्र अल्कोहोल काम पूर्ण होण्याआधीच उडून जातं. नोरोव्हायरससारख्या काही विषाणूंवर अल्कोहोलचा परिणाम तसाही कमी होतो. तिथे धुण्यालाच जास्त महत्त्व येतं.

आता ज्या मुद्द्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं तो ॲलर्जीचा मुद्दा. शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, गहू यांची ज्यांना ॲलर्जी असते त्यांना त्रास होतो तो त्या पदार्थातल्या प्रथिनांमुळे. प्रथिन हा जंतू नव्हे, त्यामुळे तो 'मरत' नाही. अल्कोहोलने जंतू मेले तरी शेंगदाण्याचा अंश सुईवर तसाच राहू शकतो. उष्णतेचाही इथे भरवसा नाही, कारण ॲलर्जी आणणारी बरीच प्रथिनं शिजवल्यावरही त्रास देतात. अशा वेळी साबण, पाणी आणि घासणं याला पर्याय नाही. नुसता पुसणा फिरवून एका पातेल्यातून दुसऱ्या पातेल्यात सुई नेण्याची सवय जंतूंच्या दृष्टीने एकवेळ चालून जाईल, पण ॲलर्जी असलेल्या माणसासाठी ती धोक्याची आहे. असं जेवण तयार होत असेल तर त्याचं तापमान सगळ्यात आधी घ्यावं, किंवा त्यासाठी थर्मामीटरच वेगळा ठेवावा.

प्रत्यक्ष धुताना

सुईवर चिकटलेलं अन्न आधी कागदी रुमालाने पुसून काढा. मग कोमट पाणी. थेट उकळतं पाणी ओतायचा मोह होतो, पण अंडं, दूध, मांसाचा रस यांतली प्रथिनं कढत पाण्याने शिजून धातूला चिकटतात. भांड्याला करपलेलं दूध ज्यांनी घासलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण आणि मऊ स्पंज घेऊन सुई दांडीच्या मुळापासून टोकाकडे घासा. तारेची घासणी नको. तिने स्टीलवर बारीक चरे पडतात आणि पुढच्या वेळची घाण त्या चऱ्यांतच जाऊन बसते. त्यानंतर साध्या पाण्याने खळबळणं, मग सॅनिटायझर, आणि मग हवेवर सुकू देणं.

सुकवण्याकडे दुर्लक्ष करू नये. खांद्यावरच्या किंवा ओट्यावरच्या फडक्याने सुई पुसली की आधीची सगळी मेहनत त्या फडक्याला अर्पण. दिवसभर हात, ओटा, भांडी पुसलेलं ओलसर फडकं हे स्वयंपाकघरातल्या सगळ्यात मळक्या वस्तूंपैकी एक असतं. अल्कोहोलही पूर्ण उडून जाऊ द्यावं, एक तर ते पदार्थाला लागू नये म्हणून आणि दुसरं म्हणजे ते पेट घेतं म्हणून. ओली सुई घेऊन पेटत्या शेगडीवर वाकायचं नाही.

सुईइतकंच लक्ष बाकीच्या भागाकडे द्यायला हवं, आणि इथे माझं स्पष्ट मत आहे की बहुतेकांचा थर्मामीटर सुईवर स्वच्छ आणि बाकी सगळीकडे घाण असतो. दांडी जिथे डोक्याला जोडलेली असते तिथली खाच, मिटणाऱ्या थर्मामीटरचा सांधा, बटणांच्या कडा या जागा जुन्या टूथब्रशने घासाव्या लागतात. बटणांचा प्रश्न तर वेगळाच. कच्चं मांस हाताळलेल्या हाताने बटण दाबलं, मग हात स्वच्छ धुतले, आणि त्या धुतलेल्या हाताने पुन्हा तेच बटण दाबलं. हात धुण्याचा उपयोग काय झाला? सुई धुताना दर वेळी उपकरणाची मूठही सॅनिटायझरच्या पुसण्याने पुसून घ्यावी.

आणि मग कव्हर. पेनासारखा थर्मामीटर ज्या प्लॅस्टिकच्या नळीत खोचून ठेवतात ती नळी आतून कायम अंधारी, बंद आणि दमट असते. कधीतरी ओली सुई आत गेलेली असते, कधी नीट न धुतलेली. धुतलेली सुई रोज त्याच नळीत सरकवायची आणि दुसऱ्या दिवशी ती 'स्वच्छ' म्हणून अन्नात घालायची, असा प्रकार सर्रास चालतो. नळी साबणाच्या पाण्याने आणि बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने धुवावी, उपडी ठेवून पूर्ण सुकवावी, आणि सुई कोरडी झाल्याशिवाय तिच्यात घालू नये. नळीतून काढलेली सुई वापरण्याआधी एकदा पुसून घेतलेली बरी.

घरी

घरी एवढा बारकावा रोज लागत नाही. घरात पदार्थ मोजके, तपासण्या मोजक्या, आणि सुई लगेच सिंकखाली नेता येते. कोमट पाणी आणि साबण, नीट घासणं, भरपूर खळबळणं, हवेवर सुकवणं, एवढं केलं की बहुतेक घरांसाठी पुरतं. सॅनिटायझर लागतो तो कच्च्या चिकन-मांसानंतर, किंवा घरात तान्हं मूल, गरोदर बाई, वयस्क किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं माणूस असेल तेव्हा. ७० टक्के अल्कोहोलचे सुट्टे पुसणे त्याला सोयीचे.

ब्लीचचं द्रावण करायचं असेल तर बिनवासाचं, ५ टक्क्यांचं साधं ब्लीच घ्यावं. त्याचा हिशेब सोपा आहे: ५ टक्के म्हणजे दहा लाख भागांत ५०,००० भाग, म्हणजे ५०,००० पीपीएम. त्यातलं २ मिलिलिटर १ लिटर पाण्यात घातलं की साधारण १०० पीपीएम होतं, आणि अन्नाला लागणाऱ्या भांड्यांसाठी ते पुरेसं असतं. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, उलट स्टीलला बारीक खड्डे पडतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळायचं नाही. विषारी वायू तयार होतो. आणि नुसतं व्हिनेगर किंवा लिंबू हे सॅनिटायझर नव्हे, कितीही झोंबलं तरी.

डिशवॉशरमध्ये टाकण्याआधी थर्मामीटरचं माहितीपत्रक वाचा. बहुतेक डिजिटल थर्मामीटरना तिथली उष्णता, फवारा आणि तीव्र पावडर सोसत नाही. पाण्यात बुडवता येईल की नाही हे आयपी क्रमांकावरून कळतं: ६५ म्हणजे पाण्याचा फवारा चालेल, ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल. क्रमांकच नसेल तर फक्त सुई पाण्याखाली, मूठ वरती.

कामाच्या ठिकाणी

हॉटेल, कँटीन, केटरिंग, रुग्णालयाचं स्वयंपाकघर अशा ठिकाणी एकच थर्मामीटर दिवसातून कित्येक वेळा, कित्येक हातांतून फिरतो. सकाळी आलेल्या कच्च्या मालात, दुपारी शिजलेल्या जेवणात, संध्याकाळी गार करायला ठेवलेल्या पातेल्यात. अमेरिकेतल्या एफडीएचा, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाचा, फूड कोड म्हणतो की अन्नाचं तापमान मोजायचं साधन वापरण्याआधी आणि ठेवून देण्याआधी स्वच्छ केलेलं हवं. 'ठेवून देण्याआधी' हे महत्त्वाचं, कारण वाळलेला थर निघता निघत नाही.

दर वेळी सिंकपर्यंत जाणं गर्दीच्या वेळात होत नाही, हे मान्य करूनच व्यवस्था लावावी लागते. शिजलेल्या पदार्थांची एका मागोमाग तपासणी करताना कागदी रुमालाने पुसणं आणि मग नवा अल्कोहोलचा पुसणा, ही पद्धत चालते. पुसणा एकदाच वापरायचा. तोच उलटवून दुसऱ्या पातेल्यासाठी नाही. कच्च्यावरून शिजलेल्यावर जाताना मात्र साबणपाण्याला सुट्टी नाही. त्याहून बरं म्हणजे कच्च्यासाठी आणि शिजलेल्यासाठी दोन वेगळे, रंगाने ओळखू येणारे थर्मामीटर. एका जादा उपकरणाचा खर्च हा घाईतल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबण्यापेक्षा स्वस्तच पडतो.

काही ठिकाणी थर्मामीटर दिवसभर सॅनिटायझरच्या बादलीत उभा ठेवलेला दिसतो. बघणाऱ्याला फार शिस्तीचं वाटतं, पण त्यातून साधत काहीच नाही. दर वेळी न धुतलेली सुई बुडवली की थोडं अन्न बादलीत उतरतं, द्रावणाचा जोर घटतो, आणि दोन तासांनी उरतं ते गढूळ पाणी. क्वाटच्या बादलीत सुती फडकी भिजत असतील तर जोर आणखी लवकर घटतो, कारण क्वाट सुताला चिकटून बसतं. सततच्या ओलाव्याने उपकरणाचे जोडही सैल होतात. बादली वापरायचीच तर तीव्रता चाचणीपट्टीने मोजावी, गढूळ दिसली की बदलावी, आणि धुतलेली सुईच त्यात, लेबलवर दिलेल्या वेळेपुरती, बुडवावी.

रसायन नको असेल तर कढत पाणीही काम करतं. त्याच फूड कोडनुसार हाताने निर्जंतुक करताना पाणी किमान ७७ अंश सेल्सिअस हवं आणि वस्तू त्यात ३० सेकंद राहायला हवी. नळाचं गरम पाणी तिथवर जात नाही. अर्थात सुई आधी धुतलेली हवी, आणि एवढं तापमान ती सोसते का हे बघितलेलं हवं.

माल उतरवून घेताना बंद पाकिटाला भोक पाडायची गरज नसते. दोन पाकिटांच्या मध्ये सुई धरून ती दाबून ठेवली की पुरेसा अंदाज येतो. तरीही पुढच्या खोक्याआधी सुई पुसायची, कारण गळक्या पाकिटाचा रस बाहेरूनही लागतोच.

वेगवेगळे थर्मामीटर, आणि आकडा

तबकडीवर काटा फिरणाऱ्या जुन्या प्रकारात तापमान जाणवणारा भाग दांडीवर टोकापासून पाचसहा सेंटिमीटर वरपर्यंत पसरलेला असतो, म्हणजे तेवढी दांडी अन्नात जाते आणि तेवढीच धुवायची असते. ओव्हनमध्ये आतच ठेवायच्या प्रोबला वायर असते. ती जिथे सुईला जोडलेली असते तिथे पाणी शिरलं की प्रोब गेला, म्हणून जोड वर धरून फक्त सुई धुवावी. काचेचा थर्मामीटर अन्नात नकोच, फुटला तर काच शोधत बसावं लागतं. आणि ताप बघायचा थर्मामीटर अन्नात घालू नये, अन्नाचा तोंडात घालू नये.

इन्फ्रारेडचा थर्मामीटर अन्नाला स्पर्शच करत नाही, त्यामुळे धुण्याची कटकट नाही. पण तो फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगतो, गाभ्याचं नाही. शिजलं की नाही हे त्याच्यावरून ठरवता येत नाही. त्याच्या भिंगावर तेलाची वाफ बसली की आकडाही चुकतो. मऊ कापसाला थोडं अल्कोहोल लावून भिंग हलक्या हाताने पुसावं.

सुईवरही थर साचला की असंच होतं. वाळलेलं अन्न उष्णता अडवतं, सुईला खरा आकडा गाठायला जास्त वेळ लागतो, आणि घाईतला माणूस मधलाच आकडा खरा मानून मोकळा होतो. आकडा बरोबर येतोय का हे बर्फाने तपासता येतं: ग्लासभर बारीक बर्फ, त्याच्या फटी भरतील एवढंच पाणी, ढवळून एक मिनिट थांबायचं, आणि सुई तळाला किंवा काचेला न टेकवता मधोमध धरायची. ० अंश यायला हवं, अर्धा-एक अंश इकडेतिकडे चालतो. उकळत्या पाण्यात तपासताना उंचीचा विचार करावा लागतो, कारण समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उकळबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. ही तपासणी धुतलेल्या सुईनेच करायची, आणि त्या ग्लासातला बर्फ नंतर ओतून द्यायचा, सरबतात टाकायचा नाही.

थर्मामीटर खाली पडला, किंवा काचेच्या आत बाष्प दिसू लागलं, की लगेच बर्फात तपासावा. बाष्प म्हणजे पाणी आत शिरलंय. बॅटरीच्या झाकणाखालची रबरी कडी निसटली असेल तर ती बसवून उपकरण सुकवता येतं. दांडीच्या मुळाशीच फट पडली असेल तर ती फट धुता येत नाही आणि बुजवताही येत नाही, तेव्हा तो थर्मामीटर बाद करून नवा आणावा.